चहाच्या आधणाबरोबर बाग: फ्लॅटमध्ये पहिल्यांदा कुंड्या ठेवणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या काकू हातात सोलापुरी चादर घेऊन उभ्या. पांढऱ्या चादरीच्या बरोबर मधोमध चहाच्या रंगाचा ताटाएवढा डाग. "तुमच्या जास्वंदीनं दिलाय," म्हणाल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या दाखवायला आल्या होत्या. मी चादर ठेवून घेतली, दोनदा धुतली, उन्हात घातली. डाग फिकटला, गेला नाही.

पुढे याच काकू आमच्या कुंड्यावाल्यांच्या घोळक्यात आल्या. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही नऊ-दहा जण आहोत. कुणी निवृत्त, कुणी नोकरीवाली, एक जण तर अजून कॉलेजात आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये भेटलो की झाडांपेक्षा घरातल्या भानगडींवरच जास्त बोलणं होतं: मोरी तुंबली, सासूबाई आणि मावशी दोघींनी पाणी घातलं, इस्त्रीच्या शर्टाला कडुनिंबाचा वास आला. नवीन कुणी विचारायला आलं की आम्ही खताच्या आधी हेच सांगतो. सहा महिन्यांत ज्यांच्या कुंड्या रिकाम्या होतात, त्यांना बागकाम जमत नसतं असं नाही. त्यांनी बागेसाठी वेगळा वेळ काढायचं ठरवलेलं असतं, आणि घरात वेगळा वेळ कधी निघत नाही. प्रत्येक काम घरातल्या आधीच चालू असलेल्या एखाद्या कामाला बांधून टाकायचं, म्हणजे ते होतं. पुढचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

पहिली पायरी: चार दिवस काही विकत घेऊ नका

बाल्कनीत खडूचा तुकडा ठेवा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन जिथपर्यंत येतं तिथे फरशीवर रेघ मारा. चार-पाच तास ऊन येत असेल तर मोगरा, गुलाब, जास्वंद, मिरची, टोमॅटो यांचा विचार करा. दोन-तीन तासच येत असेल तर पुदिना, पालक आणि पानांची झाडं. ऊन येतच नसेल तर मनीप्लांट आणि स्नेक प्लांट. त्यात कमीपणा काही नाही.

दक्षिणेकडची बाल्कनी मात्र फसवते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन पार दिवाणखान्यात येतं आणि माणूस हुरळून डझनभर गुलाब आणतो. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ नसतंच. वर पावसाळी ढग. गुलाब रुसतात ते तेव्हा.

उन्हाबरोबर घराची वहिवाटही बघून ठेवा. कपडे कुठल्या दोरीवर वाळतात, त्यांचं पाणी कुठे ठिबकतं, मावशी फरशी पुसत कुठून कुठे जातात, एसीचं बाहेरचं यंत्र गरम हवा कुठे फेकतं. आमच्याकडे त्या गरम झोतात ठेवलेली तुळस चार दिवसांत कडकडीत वाळली आणि घरात त्यावरून नको नको ते अर्थ निघाले. त्याच एसीच्या नळीतून थेंब थेंब पडणारं पाणी मात्र बादलीत धरा. त्यात क्षार नसतात, झाडांना चांगलं चालतं.

आणि वजन. बारा इंची कुंडी भरून पाणी घातलं की सहज वीस किलोच्या पुढे जाते. असल्या चार कुंड्या खिडकीच्या ग्रिलवर ठेवणं म्हणजे तिथे एक धडधाकट माणूस कायमचा उभा करण्यासारखं आहे. मोठ्या कुंड्या फरशीवर, भिंतीलगत. ग्रिलवर फक्त हलक्या, त्याही आतल्या बाजूला, तारेनं बांधून. कठड्यावर काहीही नको. वळवाच्या वाऱ्यात कुंडी खाली कुणाच्या डोक्यात पडली तर चादरीसारखं धुऊन देता येणार नाही.

दुसरी पायरी: पाचच कुंड्या, त्यातली एक मेथीची

पहिल्या महिन्यात पाचच्या वर जाऊ नका. तुळस, पुदिना, गवती चहा, आवडीचं एक फुलझाड आणि मेथी. पुदिन्याला नर्सरीत जायची गरज नाही. भाजीवालीकडच्या जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवा. आठवड्यात पांढरी मुळं फुटतात. एवढंच, की ग्लास ओट्यावर ठेवलात तर कुणीतरी तो घासायला टाकतं. आमचा दोनदा गेलाय. आता तो देवघराशेजारच्या खिडकीत असतो, तिथल्या वस्तूला सहसा कुणी हात लावत नाही.

मेथी मी मुद्दाम सगळ्यांना लावायला लावते, कारण ती लगेच फळ देते आणि नवख्याला तेवढं आमिष लागतं. फोडणीच्या डब्यातलेच मेथीदाणे घ्यायचे, मूठभर. रात्री वाटीत भिजत घाला. सकाळी उपसून पसरट कुंडीत किंवा मिठाईच्या भोकं पाडलेल्या डब्यात चार बोटं मातीवर दाट पसरा. वरून अर्धा बोट माती भुरभुरवा, पाणी शिंपडा आणि जुन्या सुती फडक्यानं झाका. हे फडकं विसरू नका. पहिल्या वर्षी मी ते घातलं नव्हतं. सकाळी बघते तर दोन कबुतरं डब्यात बसून शांतपणे नाश्ता करतायत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती उचलून हिरवे आकडे वर येतात, तेव्हा फडकं काढायचं. तीन आठवड्यांनी कात्रीनं कापा. उपटलीत तर मुळांची माती भाजीत येते. एका डब्यातून एका वेळच्या थालीपिठापुरती मेथी निघते. तेवढीच निघते, आधी सांगून ठेवते.

मातीसाठी साधा हिशोब: दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पुण्याकडची काळी माती नुसती वापरली तर ओली असताना चिखल आणि सुकली की भेगा. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा किंवा नारळाची शेंडी ठेवा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते.

माती कुठे कालवायची हा घरगुती प्रश्न मोठा आहे. जुनी चादर अंथरून तिच्यावर कालवा आणि शेवटी चारी टोकं उचलून उरलेली माती पोत्यात. हात आणि रिकाम्या कुंड्या मोरीत धुऊ नका. बागेच्या पहिल्याच रविवारी मी सहा कुंड्या मोरीत धुतल्या. बुधवारी पाणी उलटं येऊ लागलं. प्लंबरनं पाइपातून काढलेला काळा गोळा कागदावर ठेवून मला दाखवला आणि "ताई, यात झाड लावा," असं म्हणून पैसे घेऊन गेला. आता बादलीत धुते. तासाभरात माती तळाशी बसते. वरचं पाणी झाडांना, तळाचा गाळ परत कुंडीत.

तिसरी पायरी: पाणी, म्हणजे सगळ्या भांडणांचं मूळ

कुंडीतली झाडं तहानेनं मरतात त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरतात. आणि घरात पाणी जास्त होतं ते प्रेमापोटी. सकाळी तुम्ही घातलेलं असतं, अकराला सासूबाई "बिचारी सुकलीत" म्हणून घालतात, दुपारी मावशी बादलीतलं उरलेलं ओततात. प्रत्येकाचा हेतू चांगला आणि मुळं मात्र कुजतायत.

यावर आमच्या घोळक्यात एका काकांनी काढलेली युक्ती सगळ्यांनी उचलली. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे नोंद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ग्रिलला कपड्यांचा एक लाल चिमटा लावायचा. सकाळी तो डाव्या गजावर असतो. पाणी घातलं की उजव्या गजावर. रात्री दार लावताना परत डावीकडे. चिमटा उजवीकडे असेल तर कुंड्यांना हात लावायचा नाही. हे लहान मुलांनाही कळतं आणि त्यावरून सासूबाईंशी बोलावं लागत नाही, हा मोठा फायदा.

वेळ चहाची. आधण ठेवलं की गॅस बारीक करायचा आणि मग घेऊन बाल्कनीत जायचं. आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर त्या कुंडीला आज सुट्टी. कोरडं लागलं तर अर्धा मग, अगदी हळू, खोडापासून जरा लांब. एका फेरीत सगळ्या कुंड्या. मग आत या, चहा गाळा, प्या. कप विसळायला उठलात की दुसरी फेरी, परत अर्धा मग. पहिल्या पाण्यानं कोरडी माती फुगते आणि दुसरं पाणी ती धरून ठेवते. एकदम ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, म्हणजे काकूंच्या चादरीवर.

खालच्या घराशी बोलून घेणं हा पाण्याच्या कामाचाच भाग आहे. त्यांचे कपडे किती वाजता पडतात एवढं विचारा. आमच्या काकू दहानंतर वाळत घालतात. म्हणून आमचं पाणी आठच्या आत. प्रत्येक कुंडीखाली ताटली आहेच. वर्षातून एकदा बाल्कनी मोठ्या पाण्यानं धुते, तेव्हा आदल्या दिवशी खाली सांगून येते आणि येताना गवती चहाची जुडी देते. लाच म्हणा हवं तर.

ताटलीत साठलेलं पाणी दर रविवारी ओतून टाकायचं आणि ताटली कोरडी पुसायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याची एक फेरी चुकवली नाही तर ही साखळी मध्येच तुटते. पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा पहिली नजर कुंड्यांखालीच जाते. मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणीही त्याच रविवारी बदला. ती सगळे विसरतात.

आता स्वयंपाकघरातल्या पाण्यांबद्दल. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला, ताजं असताना. भाजी उकडलेलं पाणी मीठ नसेल आणि पूर्ण गार झालं असेल तरच. आरओ फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. रोज तेच घातलं तर मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. ते फरशी पुसायला वापरा. चहाचा चोथा घालायचा तर आधी पाण्यानं खळखळून धुवा. दूध-साखरेसकट घातलात तर मुंग्यांची रांग कुंडीपासून थेट साखरेच्या डब्यापर्यंत लागते. कांद्याच्या सालींचं पाणी, केळीच्या सालींचं पाणी, अंड्याच्या टरफलांचं पाणी यांवर लोक फार बोलतात. माझं मत विचाराल तर या साली सरळ खताच्या बादलीत जाऊ द्या. टरफलं बारीक करायची म्हणून मी एकदा मिक्सरचं चटणीचं भांडं वापरलं. त्यानंतर पंधरा दिवस घरात कुणी चटणी खाल्ली नाही.

चौथी पायरी: ओल्या कचऱ्याची बादली

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणं सगळ्यांना लागू झालं, त्यामुळे अर्धं काम घरात तसंही होतंच. पुढचं अर्धं म्हणजे त्या ओल्याचं खत करणं. ते अवघड नाही, पण माझी सगळ्यात मोठी फजिती इथेच झाली.

साहित्य: झाकणाच्या दोन जुन्या बादल्या (रंगाच्या डब्याच्या बादल्या उत्तम, नीट धुतलेल्या), तापवलेल्या सळईनं कडेला आणि तळाला पाडलेली भोकं, खाली एक ताटली आणि पोतंभर सुका पाला. पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीत गोळा करून ठेवा. सोसायटीत झाडलोट करणाऱ्यांना आधी सांगितलं तर तेच पोतं भरून ठेवतात आणि पाला जळायचा वाचतो.

तळाला चार बोटं पाला. त्यावर रोजचा कचरा: देठं, साली, चोथा, निर्माल्यातली फुलं. मोठे तुकडे विळीवर बारीक करा, कलिंगडाची साल तर नक्की. एक वाटी ओलं पडलं की दीड-दोन वाट्या कुस्करलेला पाला. सुरुवातीला वाटीभर आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडा, किंवा मैत्रिणीच्या बादलीतलं मूठभर तयार खत आणा, त्यानं काम लवकर सुरू होतं. दोन-तीन दिवसांनी काठीनं वर-खाली करा. शिजलेलं तेलकट, मासे, मटण, दूध यातलं काही नको. लिंबाची सालं थोडी चालतात, सरबताच्या दिवसांतली सगळी चालत नाहीत.

बरोबर चाललंय की नाही हे हातालाच कळतं. मधलं मूठभर घेऊन घट्ट दाबा. एखाद-दुसरा थेंब बोटांतून आला तर ठीक. धार लागली तर पाला कमी पडलाय. भुगा झाला तर पाणी शिंपडा. पावसाळ्यानंतरच्या रानातल्या मातीसारखा वास यायला हवा. नाक झोंबलं किंवा कुजका वास आला की दोन्हीला औषध एकच: भरपूर पाला घाला आणि खालवर करा. पहिली बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू. अडीच-तीन महिन्यांत पहिलीतलं काळं, भुसभुशीत, साल ओळखू न येणारं खत तयार होतं.

आता फजिती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. आदल्या आठवड्यात गडबडीत मी पाला घालायचं टाळलं, मटारच्या टरफलांचा ढीग तसाच बादलीत कोंबला. संध्याकाळी वाण लुटायला पाट मांडला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, चपट्या अळ्या एकामागोमाग एक दिवाणखान्याकडे निघालेल्या. आठ-दहा असतील. मला त्या शंभर दिसल्या.

त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या. निरुपद्रवी असतात, कचरा भराभर संपवतात. पूर्ण वाढ झाली की कोष करायला कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. हे मला त्याच हळदीकुंकवाला आलेल्या एका आजींनी सांगितलं, तेही तिळगूळ खाता खाता. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. अळ्या फार झाल्या म्हणजे ओलं जास्त झालं, एवढाच निरोप समजायचा. तेव्हापासून भोकांवर आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवली आहे आणि बादली बाल्कनीत असते. स्वयंपाकघरात फक्त दिवसभराचा छोटा डबा. तो रात्री ओटा पुसला की रिकामा होतो.

पाचवी पायरी: बागेची भांडी वेगळी

स्वयंपाकघरातली वस्तू बागेत गेली की परत येत नाही, आणि आली तर कुणी वापरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बागेसाठी एक मग, एक जुनी चाळण, एक कात्री, एक चमचा आणि एक फवारणीची बाटली बाजूला काढा. त्यांना लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा. लाल ठिपका असलेली वस्तू घरात यायची नाही.

बाटलीचं मी जास्त ठासून सांगते. किडीसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर (पाच मिली) निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारतात. तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबण. मी ते इस्त्रीच्या पाण्याच्या बाटलीत केलं आणि धुवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्याच पाण्यावर शर्टाला कडक इस्त्री केली आणि मीटिंगला गेला. संध्याकाळी आल्यावर म्हणाला, "आज माझ्या शेजारी कुणी बसलं नाही."

फवारणी संध्याकाळीच करा, दुपारच्या उन्हात पानं भाजतात. शक्यतो कपडे आत घेतल्यावर. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. आधी जुन्या टूथब्रशनं घासून काढा, जोरात पाणी मारा, मग तेल फवारा आणि आठवड्यानं पुन्हा. मुंग्यांची वर्दळ दिसली तरी तेच शोधा, कारण पिठ्या आणि मावा यांच्यातून पाझरणारा गोड चिकट रस मुंग्यांना हवा असतो आणि त्याबदल्यात त्या त्यांची राखण करतात. कोवळ्या शेंड्यांवर दाटीनं बसलेले हिरवे-काळे ठिपके म्हणजे मावा. तो नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानंही बराच जातो. रोज सकाळी पाणी घालताना दोन पानं उलटी करून बघितली तर कीड मूठभर असतानाच सापडते.

कबुतरांवर एकच उपाय, जाळी. बाकीच्या चकचकीत सीड्या, प्लॅस्टिकची घुबडं आम्ही सगळ्यांनी घेऊन पाहिली. आमच्या घुबडाच्या डोक्यावर कबुतर बसलेला फोटो आहे.

बुलबुलाची गोष्ट निराळी. एप्रिल-मेमध्ये लटकत्या कुंडीत घरटं केलंच तर महिनाभर ती कुंडी तिची. अंडी उबायला बारा-चौदा दिवस, पिल्लं उडायला साधारण तेवढेच. पाणी कडेनं, वाटीनं, ती उडून गेलेली असताना घाला. झाड सुकलं तर सुकू दे, झाड पुन्हा लावता येतं.

सहावी पायरी: गावाला जाताना

गणपतीला कोकणात, दिवाळीला माहेरी. आपल्याकडची घरं आठ-आठ दिवस बंद राहतात आणि बागा मरतात त्या याच आठ दिवसांत.

तीन दिवसांपर्यंत काही करू नका. निघताना भरपूर पाणी घाला आणि सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. गर्दीत एकमेकींचा ओलावा टिकतो. मातीवर पाल्याचा जाड थर. आठ दिवसांसाठी वात लावा: बादली भरून कुंड्यांच्या मध्ये, पाटावर किंचित उंच ठेवायची. पायजम्याची सुती नाडी किंवा जाड सुती दोरी आधी पूर्ण भिजवायची. एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून, दुसरं कुंडीत तीन-चार बोटं खोल. निरांजनात वात तेल ओढते तशी ही पाणी ओढते. नायलॉनची दोरी चालत नाही. जाण्याआधी दोन दिवस घरात असतानाच करून बघा, म्हणजे बादली किती उतरते ते कळतं. बादलीवर ताट झाका, डासांसाठी.

त्याहून लांब जायचं असेल तर माणूस लागतो. किल्ली एकाच घरी द्या. आम्ही एकदा शेजारच्या वहिनींना सांगितलं आणि नवऱ्यानं, मला न सांगता, वॉचमनकाकांनाही सांगितलं. दोघांनी दहा दिवस इमानदारीनं पाणी घातलं. परत आलो तेव्हा कोरफड जेली झाली होती. दोघांचेही तोंडभरून आभार मानले, दोघांनाही पेढे दिले, कोरफडीचा विषय काढला नाही.

ज्याला सांगाल त्याला "दोन दिवसांनी घाला" असं मोघम सांगू नका. कुंडीच्या काठावर खडूनं लिहा: "अर्धा मग, सोमवार-गुरुवार" किंवा "घालू नका". त्या दिवसांतली फुलं आणि भाजी त्यांची, हेही स्पष्ट सांगा. नाहीतर संकोचानं मिरच्या झाडावरच लाल होऊन वाळतात.

सातवी पायरी: देवाणघेवाण

पहिल्या पावसाळ्यापर्यंत तग धरलात की तुमच्याकडे द्यायला काहीतरी असतं. मृगाचा पाऊस झाला की फांद्या लावायचे दिवस. जास्वंद, मोगरा, पानओवा यांची वीतभर फांदी, पेन्सिलीएवढी, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, जरा खाली तिरकी कापलेली. पानओव्याला तर एवढ्या नेमकेपणाचीही गरज नाही, तो नुसता खोचला तरी लागतो. खालची पानं काढा, वरची दोनच ठेवा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. बाहेर चिठ्ठी लावा: झाडाचं नाव, तारीख, ऊन किती. चिठ्ठी नसेल तर तिसऱ्या दिवशी "ते तू दिलेलं काय होतं गं?" हा फोन येतोच.

बँकेतले काका याची वही ठेवतात. कुणाकडून काय आलं, कधी लावलं, जगलं की गेलं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणित शिकवता शिकवता 'प्रयोग परिवार' चालवत. आपापल्या शेतात-परसात करून बघायचं आणि आलेलं एकमेकांना कळवायचं, अशी त्यामागची रीत. काका ते नाव आदरानं घेतात आणि आमच्या मेलेल्या झाडांचाही तपशील मागतात. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग एका ऑक्टोबरात वही चाळताना लक्षात आलं की तीन वर्षं आमचे टोमॅटो त्याच महिन्यात करपत होते. पावसाळ्याची पाणी न घालायची सवय ऑक्टोबर हीटमध्येही चालूच राहायची आणि आम्ही बियाण्याला नावं ठेवत होतो.

दुसऱ्याकडून आलेलं झाड, मग ते कितीही जिव्हाळ्याच्या माणसाचं असो, दहा दिवस वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. पिठ्या ढेकूण बहुतेकदा मैत्रीतूनच घरात येतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून उचललेल्या रोपांनाही हाच नियम. तिथे जाताना पैसे मोजके न्या आणि घोळक्यातल्या सगळ्यात कंजूष माणसाला बरोबर घ्या. आमच्याकडे ते काम काकू करतात.

झाड ज्या कुंडीतून आलं ती कुंडी मात्र धुऊन, महिन्याच्या आत परत करा. ताटली असेल तर ताटलीसकट. आमच्यात आजवर दोनच खरी भांडणं झाली आणि दोन्ही न परतलेल्या कुंड्यांवरून. त्यातली एक निळी कुंडी अजून माझ्याकडेच आहे, रविवारी देणार आहे.